विश्लेषण : रक्ताचा रिपोर्ट वारंवार बिघडलेलाच येतोय? दुसरे मत कधी, कोणाचे आणि कसे घ्यावे? शेगावच्या केसगळतीने काय शिकवले?

शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावे जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशभरातील बातम्यांत आली. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि अवघ्या तीन-चार दिवसांत टक्कल, अशी तक्रार घरोघरी ऐकू येत होती. शाम्पूमुळे झाले, पाण्यामुळे झाले, बुरशीमुळे झाले, असे अंदाज बांधले गेले. समाजमाध्यमांनी तर 'टक्कल व्हायरस' असे नावच देऊन टाकले. उत्तर मात्र मिळू लागले ते रक्तात नेहमी न तपासला जाणारा एक घटक तपासल्यावर. तो होता सेलेनियम.

शेगावचा प्रकार मोठा होता म्हणून त्याची बातमी झाली. पण त्यातला मूळ प्रश्न जिल्ह्यातल्या अनेक घरांत रोज पडतो. कोणाचे हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही नऊच्या वर जात नाही, कोणाचे क्रिएटिनिन दर वेळी वाढलेलेच येते, कोणाचे बिलिरुबिन दोन वर्षांपासून दीडच्या खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात, 'गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी या.' तीन महिन्यांनी आकडा तोच. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे का? गेलो तर आधीचे डॉक्टर रागावतील का? आणि जायचे तर नेमके काय विचारायचे?

शेगावमध्ये नेमके काय घडले?

डिसेंबर २०२४पासून शेगाव तालुका आणि लगतच्या गावांत अचानक केस गळण्याचे रुग्ण दिसू लागले. पुढे १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. आरोग्य विभागाची पथके गावात आली, पाण्याचे आणि त्वचेचे नमुने घेतले गेले. हा भाग खारपाणपट्ट्याचा. पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळल्याने संशयाची सुई आधी पाण्याकडे वळली. नंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पथकानेही गावांना भेट देऊन रक्त, पाणी, माती आणि धान्याचे नमुने नेले.

याच काळात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वखर्चाने या गावांत पोहोचले. विंचूदंशावरील उपचारांच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे आणि पद्मश्रीने सन्मानित झालेले डॉ. बावस्कर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले आणि त्यासोबत गावकऱ्यांच्या ताटातला गहूही. त्यांच्या निष्कर्षानुसार बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. रक्तातील झिंक मात्र कमी होते. रेशन दुकानातून आलेल्या गव्हात स्थानिक गव्हाच्या तुलनेत सेलेनियम तब्बल ६०० पट जास्त असल्याचे त्यांनी सांगितले. गहू धुऊन तपासला तरी प्रमाण फारसे घटले नाही. म्हणजे तो वरून चिकटलेला नव्हता, दाण्यातच होता, असा त्यांचा तर्क. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असेही त्यांनी म्हटले. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याची नोंद शास्त्रीय अभ्यासांत आधीपासून आहे.

एका डॉक्टरांचा अभ्यास म्हणजे अंतिम शब्द नव्हे. गहू नेमका कोणत्या शेतातून, कोणत्या गोदामातून आला, हे शोधण्याचे काम पुरवठा यंत्रणेचे आहे. पण चर्चा शाम्पू आणि व्हायरसवरून ताटातल्या पोळीपर्यंत आली, ती कोणीतरी वेगळा प्रश्न विचारला म्हणून.

सेलेनियम नेहमीच्या तपासणीत का दिसले नाही?

कारण ते कोणी तपासायला सांगितलेच नव्हते. सीबीसी, साखर, थायरॉइड, लिव्हर, किडनी या तपासण्यांत सेलेनियमचा समावेश नसतो. त्यासाठी धातू आणि सूक्ष्म घटक मोजणारे खास यंत्र लागते. ते तालुक्याच्या लॅबमध्ये नसते.

सेलेनियम हे मुळात विष नाही. शरीराला ते अगदी थोडे लागते. अमेरिकी मानकानुसार प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर अपायाची शक्यता सुरू होते. त्यापेक्षा बरेच जास्त सेलेनियम सतत पोटात गेले तर केस गळतात, नखे ठिसूळ होऊन निघतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६०च्या दशकात असाच प्रकार घडला होता. तिथे सेलेनियमचा स्रोत दगडी कोळसा होता. त्यातले सेलेनियम जमिनीत आणि पिकांत उतरले होते. शेगाव परिसरातही एप्रिल २०२५मध्ये केसांपाठोपाठ नखे ठिसूळ होऊन गळण्याच्या तक्रारी पुढे आल्या.

यातून रिपोर्ट वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. रिपोर्ट फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'सगळे नॉर्मल आहे' याचा अर्थ 'जे तपासले ते नॉर्मल आहे' एवढाच. आणि जे वारंवार बिघडलेले येते, त्याचेही कारण कधी कधी न तपासलेल्या गोष्टीत असते.

'नॉर्मल रेंज'च्या बाहेरचा प्रत्येक आकडा आजार असतो का?

नाही. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली रेंज साधारणपणे निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे ज्यात बसतात, त्यावरून ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या २० जणांपैकी एकाचा आकडा रेंजबाहेर जाणारच.

आता 'फुल बॉडी चेकअप'चे गणित पाहा. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यातली किमान एक रेंजबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सवलतीच्या पॅकेजमध्ये ७०-८० घटक तपासले जातात. तिथे एखाददुसरा आकडा ठळक अक्षरात आला नाही तरच नवल.

म्हणून एकदा आलेल्या आकड्यापेक्षा पुन्हा पुन्हा येणारा आकडा महत्त्वाचा. किडनीच्या बाबतीत तर व्याख्येतच हे सातत्य आहे. ईजीएफआर ६०च्या खाली किंवा लघवीत प्रथिन जाणे, हे तीन महिन्यांहून जास्त काळ टिकले तरच त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. एका रिपोर्टवर घाबरून जायचे कारण नाही आणि तिसऱ्या रिपोर्टवरही दुर्लक्ष करायचे कारण नाही.

आकडा लॅबमुळे तर बिघडत नाही ना?

दुसरे मत घेण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. खेड्यातील कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी घेतलेले रक्त तालुक्याला आणि तिथून शहरातल्या लॅबमध्ये दुपारी किंवा संध्याकाळी पोहोचते. या प्रवासात काय काय होऊ शकते?

साखर : साध्या नळीत रक्त तसेच राहिले तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि दर तासाला आकडा साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटतो. त्यासाठी फ्लोराइड असलेली करड्या झाकणाची नळी वापरतात.

पोटॅशियम : सुई टोचताना त्रास झाला, मूठ जोरात आवळली, नळी जोरात हलली किंवा नमुना उन्हात राहिला, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसू शकते.

प्लेटलेट : जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. काही जणांच्या प्लेटलेट या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. यंत्र त्या गुठळ्यांना मोजत नाही आणि दर वेळी प्लेटलेट ६०-७० हजारच येतात. माणूस ठणठणीत असतो. पॅथॉलॉजिस्टने काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले किंवा सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतले की खुलासा होतो.

थायरॉइड : केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिनच्या गोळ्या घेतात. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७मध्येच याबाबत इशारा दिला होता. केसगळतीचे कारण शोधायला गेलेल्या माणसाला केसांच्या गोळीमुळेच थायरॉइडचा आजार चिकटवला जाऊ शकतो. रक्त देण्याआधी कोणती गोळी, कोणते 'सप्लिमेंट' चालू आहे हे सांगणे म्हणून गरजेचे.

अशी शंका असेल तर दुसरा डॉक्टर गाठण्याआधी लॅबमध्येच विचारा : नमुना किती वाजता घेतला, किती वाजता तपासला, नमुन्याबद्दल काही शेरा आहे का? रिपोर्टवर कोणाची सही आहे, नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहा. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये दिला होता. एनएबीएल मान्यतेचे चिन्ह असेल तर उत्तमच.

आणि तुलना करताना लॅब शक्यतो एकच ठेवा. दोन लॅबची यंत्रे, पद्धती, कधी कधी एककेही वेगळी असतात. व्हिटॅमिन डी एका एककात २० आणि दुसऱ्या एककात ५० असेल तर दोन्ही आकडे सारखेच आहेत.

दुसऱ्या मताचा सर्वाधिक उपयोग कुठे होतो?

गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन : महिलांत हिमोग्लोबिन १२च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात आणि बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्या सुरू होतात. ते बरोबरच आहे, कारण लोहाची कमतरता हेच सर्वात मोठे कारण आहे. पण गोळ्या नियमित घेऊनही दोन-तीन महिन्यांत आकडा हलत नसेल, तर 'अजून गोळ्या' हे उत्तर पुरेसे नाही. पाळीत जास्त रक्त जाते का, मूळव्याध किंवा जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, हे पाहावे लागते. एमसीव्ही बराच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र नॉर्मल किंवा जास्त असेल, तर थॅलेसेमिया मायनरची शंका येते. एचपीएलसी नावाच्या तपासणीत ते कळते. विदर्भात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांत सिकलसेलचाही विचार करावाच लागतो.

हे कळून काय फरक पडतो? थॅलेसेमिया मायनर असलेल्याला सहसा काही त्रास नसतो. पण दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात थॅलेसेमिया मेजरचे बाळ जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेली एक तपासणी पुढची कित्येक वर्षे वाचवते. शिवाय लोहाची कमतरता नसताना वर्षानुवर्षे लोह घेणे हिताचे नाही.

क्रिएटिनिन : खारपाणपट्ट्यात, विशेषतः संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, किडनीच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. त्यामुळे इथे हा आकडा हलक्यात घेऊ नये. पण तो नीट वाचायला हवा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते. व्यायामशाळेत जाणाऱ्या, क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणाचे ते थोडे जास्त येऊ शकते आणि किडनी चांगली असू शकते. उलट ४५ किलो वजनाच्या म्हाताऱ्या आईचे क्रिएटिनिन 'नॉर्मल'मध्ये असूनही किडनीचे काम बरेच घटलेले असू शकते. म्हणून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, लघवीतील प्रथिनाची तपासणी आणि सोनोग्राफी एकत्र पाहावी लागते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना सांगायला अनेक जण विसरतात. उत्तर कधी कधी तिथेच असते.

बिलिरुबिन : एसजीपीटी, एसजीओटी नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन थोडे वाढलेले आणि उपास किंवा आजारपणात ते आणखी वाढते, असे असेल तर ते गिल्बर्ट सिंड्रोम असू शकते. हा जन्मजात गुणधर्म आहे, त्याला औषध लागत नाही. पण 'कावीळ हटत नाही' म्हणून झाडपाल्याची औषधे घेत राहिल्याने चांगल्या लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणे डॉक्टर पाहतात.

एचबीए१सी : तीन महिन्यांच्या साखरेची ही तपासणी लाल पेशींवर अवलंबून असते. लोहाची कमतरता असेल तर ती खोटी जास्त, आणि लाल पेशी लवकर फुटणारा आजार असेल तर खोटी कमी येऊ शकते. ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील तर मधुमेहाच्या गोळ्या वाढवण्याआधी सीबीसी पाहायला हवे.

दुसऱ्या मताची वाट पाहायचीच नाही, असे कधी?

हिमोग्लोबिन सातच्या खाली आणि धाप लागते आहे, प्लेटलेट २० हजारांच्या आसपास किंवा हिरड्यांतून रक्त येते आहे, पोटॅशियम सहाच्या वर आहे, लघवी जवळपास बंद आहे, पांढऱ्या पेशी खूप वाढल्या आहेत आणि रिपोर्टवर 'ब्लास्ट' किंवा 'अपरिपक्व पेशी' असा शेरा आहे, तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट घेत बसू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आकडा खोटा असेल तर तिथे तासाभरात कळेल. खरा असेल तर तोच तास मोलाचा ठरेल.

दुसरी गोष्ट, दुसरे मत मिळेपर्यंत चालू औषधे मनाने बंद करायची नाहीत. रक्तदाब, फिट, थायरॉइड, स्टेरॉइड यांच्या गोळ्या तर अजिबात नाही.

बुलढाणा जिल्ह्यातून जायचे कुठे?

पहिली पायरी थेट मुंबई-पुण्याची नसावी. जनरल फिजिशियनने, म्हणजे एमडी मेडिसिन डॉक्टरने, सगळे रिपोर्ट एकत्र पाहणे हेच बहुतेकांसाठी सर्वात उपयोगी दुसरे मत असते. त्यानंतर गरज पडली तर किडनीसाठी नेफ्रॉलॉजिस्ट, रक्तासाठी हिमॅटॉलॉजिस्ट, हार्मोनसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्यांसह सेवा मोफत आहेत. बुलढाण्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. २०२४मध्ये मंजुरी मिळालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचाही समावेश आहे. शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर या रेल्वेमार्गावरच्या गावांना अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, चिखलीकडून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा पर्याय आहे. त्यापुढे नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून फोनवरही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. जुने रिपोर्ट दाखवून 'पुढे कोणाकडे जाऊ' एवढे विचारायला ती पुरते.

जाताना सोबत काय न्यायचे?

दुसरे मत फसते ते बहुतेक वेळा कागदांअभावी. नवा डॉक्टर मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करायला लावतो, पैसे जातात आणि जुने प्रश्न तसेच राहतात. म्हणून :

• पहिल्यापासूनचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा. मोबाइलमध्ये फोटो असले तरी प्रिंट न्या.

• एका कागदावर तारीख आणि आकडा असा तक्ता लिहा. 'मार्चमध्ये १.४, जूनमध्ये १.५, ऑक्टोबरमध्ये १.९' हे पाहताच डॉक्टरांना आकड्याची दिशा कळते.

• चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे, भस्मे, पावडरी पिशवीत घालून न्या. लपवू नका.

• घरात, भावकीत, शेजारी असाच त्रास आणखी कोणाला आहे का, ते सांगा. पाणी कुठले, धान्य कुठले, शेतात फवारणी कोणती, हेही. शेगावमध्ये एकेकट्या रुग्णाचे केस पाहून उत्तर मिळाले नसते. एकाच गावातील इतक्या लोकांच्या ताटात समान काय आहे, हे पाहिल्यावर दिशा मिळाली.

आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या आकड्याची आणखी कोणती कारणे असू शकतात? त्यातले कोणते तपासून झाले, कोणते राहिले? आणि काहीच केले नाही तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी 'काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू' असे असते. तेही चांगलेच उत्तर आहे.

आधीच्या डॉक्टरांना सांगायचे का? तो हक्क आहे का?

सांगायचे. गावात एकच डॉक्टर असतो, रात्री-अपरात्री तोच धावून येतो, त्याचे मन कसे मोडायचे, असा संकोच अनेकांना असतो. पण 'डॉक्टरसाहेब, तीन महिने झाले, आकडा हलत नाही, कोणाला दाखवू?' असे सरळ विचारले तर बहुतेक डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देतात. त्या चिठ्ठीने पुढचा डॉक्टरही नीट लक्ष देतो.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट नोंदवलेला आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. म्हणजे फाइल ही रुग्णालयाची कृपा नाही.

किती मते घ्यायची?

दोन मते जुळली तर तिसरे घेऊ नका, उपचार सुरू करा. दोन मते भिन्न असतील तर तिसऱ्याकडे जाताना दोघांचेही म्हणणे लेखी घेऊन जा आणि 'फरक नेमका कशात आहे' एवढेच विचारा. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहणे म्हणजे दुसरे मत नव्हे. त्यात आजार वाढतो आणि शेत गहाण पडते. व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड आणि रिपोर्टचा फोटो टाकून मोबाइल ॲपकडून मिळालेले उत्तर, हेही मत नव्हे. त्यातून फार तर विचारायचे प्रश्न सुचतील.

यंत्रणेने काय करायला हवे?

हा सगळा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. शेगावच्या गावांत केस गळाले तेव्हा मुलींची लग्ने अडल्याच्या, मुलांनी लाजेने कॉलेज सोडल्याच्या तक्रारी झाल्या. अनेकांचे केस नंतर पुन्हा उगवू लागले. पण त्या आठवड्यांत लोकांना सर्वात जास्त जाच झाला तो काय झाले हे कोणी सांगत नसल्याचा. पथके आली, रक्त घेऊन गेली. गावात राहिली ती अफवा.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, गावातून घेतलेल्या प्रत्येक नमुन्याचा निकाल ज्याचे रक्त आहे त्याच्या हाती, मराठीत आणि ठरावीक मुदतीत पडायला हवा. संशोधनाचा मोठा अहवाल यथावकाश येऊ द्या, त्या माणसाचा स्वतःचा आकडा त्याला आधी मिळाला पाहिजे. दोन, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस 'न उलगडलेल्या रिपोर्ट'साठी ठेवता येईल. तिथे फिजिशियन आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून तालुक्यांतून आलेली कागदपत्रे पाहतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. तीन, रेशनच्या धान्याची तपासणी किडे आणि ओलाव्यापुरती न ठेवता त्यातील जड धातू आणि सेलेनियमसारख्या घटकांची नमुना तपासणीही व्हायला हवी. रेशनचा गहू ज्याच्या घरी येतो, त्याला बाजारातला दुसरा गहू निवडण्याची सोय नसते.

रुग्णाच्या बाजूने करण्यासारखे आजच आहे. घरातले जुने रिपोर्ट काढा, तारखेने लावा. एकच आकडा तीन रिपोर्टमध्ये बिघडलेला दिसत असेल आणि त्याचे कारण अजून कोणी सांगितलेले नसेल, तर ते विचारण्यासाठी पुढच्या बाजाराच्या दिवशी वेळ काढा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचारांबाबतचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)